बाई, पिशवीवाले आणि उपद्रवी कीटक

बाईंचा एक दावा होता आणि तो त्या दिवसातून निदान एकदा तरी कोणाला ना कोणाला ऐकवायच्या. वाचनालयाच्या दारातून आत आलेला माणूस काउंटरपर्यंत पोचायला अकरा पावलं चालतो. तेवढ्या अकरा पावलांत त्यांना कळायचं, की हा पुस्तक वेळेवर आणून देणार, उशिरा आणून देणार, की मधल्या पानावर चहा सांडून, वर पुन्हा "आधीच होता तो डाग" असं म्हणत आणून देणार.

सत्तावीस वर्षं त्या या सार्वजनिक वाचनालयाच्या ग्रंथपाल होत्या. त्यांना स्वतःचं नाव होतं, पण ते फक्त हजेरीपुस्तकात असायचं. बाकी जगासाठी त्या 'बाई'. वाचक बाई म्हणायचे, अध्यक्ष बाई म्हणायचे आणि घरी त्यांचे मिस्टरसुद्धा कधीकधी चुकून बाई म्हणून जायचे.

"मग मला पहिल्यांदा पाहिलंस तेव्हा काय कळलं होतं?" मिस्टरांनी एकदा विचारलं.

"तेव्हा मला चष्मा नव्हता," बाई म्हणाल्या.

"नव्हता, की लागला होता आणि घेतला नव्हता?"

 नियमात न बसणाऱ्या प्रश्नांना बाई उत्तरं देत नसत.

तर अशा या वाचनालयात एका मंगळवारी सकाळी पिशवीवाले आले.

ते नाव बाईंनीच ठेवलं. माणूस दारात उभा राहिला तेव्हा खोलीत क्षणभर अंधारून आल्यासारखं झालं, इतका आडवा. वय साठीच्या पुढचं. दाढी वाढलेली. डाव्या भुवईतून आरपार गेलेली जुनी जखम आणि त्याखालचा डोळा अर्धा मिटलेला, त्यामुळे तो सारखा कशावर तरी नेम धरतोय असं वाटे. नखं काळी. खांद्यावर ताडपत्रीची हिरवी पिशवी, आणि ती खाली ठेवली की आत काहीतरी लोखंडी खणखणायचं. अकरा पावलांचं अंतर त्यांनी सात पावलांत कापलं आणि काउंटरकडे ढुंकूनही न बघता ते थेट मागच्या रॅककडे गेले.

चौथ्याच पावलाला बाईंचा निकाल लागला होता.

"मामा," त्यांनी दबक्या आवाजात हाक मारली. मामा म्हणजे वाचनालयाचे शिपाई. खिडक्या उघडणं, पुस्तकं झटकणं आणि बाईंचं ऐकणं ही त्यांची कामं, आणि तिन्हींत ते तरबेज होते. "हा माणूस वाचायला आलेला नाही."

"गुपचूप बसलेत की, बाई."

"गुपचूप बसलेत, तेच तर."

बाईंचंही अगदीच चुकत होतं असं नाही. पिशवीवाले खरंच वाचत नव्हते. ते पुस्तक हातात घ्यायचे, उलटं करायचे, कलिंगडवाल्याकडे कलिंगड वाजवून बघावं तसं पाठीवर टिचकी मारायचे, मधोमध उघडून दोन्ही बाजूंना जरा ताणायचे आणि नाकाशी नेऊन हुंगायचे. मग मान हलवून खाली ठेवायचे. तेही चांगली, नवी पुस्तकं नव्हेत. मागच्या भिंतीला एक रॅक होता, त्यावर फाटकी पुस्तकं पडलेली असायची. पानं सुटलेली, पाठ निघालेली, वाळवीने चाखून बघितलेली. 'एकदा बघायला पाहिजे' असं म्हणत बाईंनी तो रॅक नऊ वर्षं बघितला नव्हता. पिशवीवाल्यांचा मुक्काम नेमका तिथेच असायचा. रोज सकाळी दहा ते साडेअकरा.

दुसऱ्या आठवड्यात पिशवीवाल्यांनी चष्मा काढायला पिशवीत हात घातला आणि त्याबरोबर वीतभर लांबीची एक पातळ सुरी बाहेर डोकावली. काउंटरवरच्या बाईंच्या हातून शिक्का निसटला आणि एका सभासदाच्या मनगटावर परतीची तारीख उमटली.

तिसऱ्या आठवड्यात पुस्तकं नाहीशी व्हायला लागली.

पहिलं गेलं ते लहान मुलांच्या गोष्टींचं एक जाडजूड पुस्तक. मग बागकामाचं. मग कीटकांवरचं एक पातळसं. फाटक्या रॅकवरची धूळ बाईंना पाठ होती. धुळीत चौकोनी स्वच्छ जागा दिसल्या की त्यांना कळायचं, इथून काहीतरी हललंय. त्यांनी मामांना विचारलं. मामांनी छताकडे बघितलं. छतावर काही नव्हतं, तरी ते बराच वेळ बघत राहिले.

"फाटकी पुस्तकं कोण नेईल, बाई?" शेवटी ते म्हणाले.

"हेच तर डोकं आहे त्याचं. फाटक्याची चौकशी कोणी करत नाही. आज फाटकं नेईल, उद्या धडकं."

बाईंनी सापळा लावायचं ठरवलं. त्याच रॅकच्या तळाशी एक प्रचंड शब्दकोश होता. वजन लहान बाळाएवढं, पाठ पूर्ण निघालेली, 'म'पासून पुढची पानं सुटी. बुधवारी सकाळी त्यांनी तो दोन्ही हातांनी उचलला, पाठदुखीसाठी कमरेला बांधलेल्या पट्ट्याने कुरकुर केली तिकडे लक्ष दिलं नाही आणि पिशवीवाल्यांच्या नेहमीच्या टेबलावर, त्यांच्या नाकासमोर आणून ठेवला. मग काउंटरमागे जाऊन वर्तमानपत्राच्या कडेवरून बघत बसल्या.

पिशवीवाले आले. शब्दकोशासमोर थबकले. त्यावरून त्यांनी तळहात फिरवला. मग हळूच वळून त्या अर्ध्या मिटलेल्या डोळ्याने थेट बाईंकडे बघितलं, छातीवर हात ठेवला आणि संथपणे मान लववली.

बाईंनी वर्तमानपत्र डोळ्यांपर्यंत वर केलं. सत्तावीस वर्षांत त्यांनी लाजणारे चोर पाहिले होते, घाबरणारे पाहिले होते, पुस्तक बनियनमध्ये खुपसताना खोकला काढणारे पाहिले होते. पण समोरासमोर मान लववून, 'नेतो हं' असं सांगून नेणारा पहिलाच.

तेवढ्यात एका आजोबांनी काउंटरवर येऊन वाद घातला, की हे पुस्तक त्यांनी वाचलेलंच नाही, कारण वाचलं असतं तर आठवलं असतं. बाईंनी त्यांना त्यांचीच सही दाखवेपर्यंत पाच मिनिटं गेली. वळून बघतात तो टेबल रिकामं. शब्दकोशही नाही आणि पिशवीही नाही.

त्या दिवशी दुपारी बाईंनी अध्यक्षांना पत्र लिहिलं. तीन पानं, पाठपोट. त्यात सदर इसमाच्या चेहऱ्याचं वर्णनच सव्वा पान होतं. धारदार शस्त्र होतं. 'अंतर्गत साथीदार असण्याची दाट शक्यता' होती. शेवटी 'योग्य तो बंदोबस्त न झाल्यास निम्नस्वाक्षरीकर्तीच्या जीविताची हमी कोण देणार' असा खडा सवाल होता.

"तीन पानं?" रात्रीच्या जेवणाला मिस्टरांनी विचारलं. "मी दवाखान्यात होतो तेव्हा मला दोन ओळींची चिठ्ठी आली होती. 'भाजी फ्रिजमध्ये आहे. किल्ली शेजारी.'"

"तुम्ही गुन्हेगार नव्हता," बाई म्हणाल्या.

पत्र टपालाच्या फाइलला लागलं. ही फाइल दर सोमवारी अध्यक्षांकडे जायची आणि मंगळवारी सह्या होऊन परत यायची. अध्यक्ष दातांचे डॉक्टर होते. समोरच्याने तोंड उघडलं की आपण बोलायला सुरुवात करायची, ही त्यांना धंद्यातली सवय जडली होती. माणूस भला, पण फाइल वाचण्याइतका वेळ त्यांना कधी मिळालेला नव्हता. ते जिथे रिकामी जागा दिसेल तिथे सही करायचे. बाईंच्या पत्रावर रिकामी जागा नव्हतीच, त्यामुळे त्यांनी ते उलटलंसुद्धा नसावं. मंगळवार गेला, बुधवार गेला, बंदोबस्त काही झाला नाही.

मग बाईंनी ठरवलं, आपणच रंगेहाथ पकडायचं. शनिवारी संध्याकाळी पाच वाजता वाचकांचा वार्षिक मेळावा होता. अध्यक्ष येणार, चाळीस-पन्नास वाचक येणार. साक्षीदारांची वानवा नव्हती.

शनिवारी चारच्या सुमाराला मामा आणि पिशवीवाले जिन्यापाशी कुजबुजताना बाईंनी पाहिले. म्हणजे अंतर्गत साथीदार मामाच.  एकोणीस वर्षं या माणसाच्या हातचा चहा प्यायला होता. मामांनी खिशातून माडीवरच्या मागच्या खोलीची किल्ली काढली, दोघं वर जाऊन आत गेले, आणि जरा वेळाने बाहेर येऊन खुर्च्या उचलायला खाली निघून गेले. दार नुसतं लोटलेलं होतं.

बाई आत शिरल्या. ही खोली जुन्या मासिकांची. एकुलती खिडकी मासिकांच्या गठ्ठ्यांनी बुजलेली, दिवा गेलेला. डोळे अंधाराला सरावले तेव्हा त्यांना दिसलं, की भिंतीलगत पुस्तकांच्या उतरंडी रचलेल्या आहेत. उतरंडींवर विटा ठेवलेल्या. आणि टेबलावर, दोन विटांखाली, त्या ओळखीच्या आकाराचा शब्दकोश.

असं आहे तर. चोरीचा सगळा माल इथे साठवायचा आणि एक दिवस टेम्पो लावून न्यायचा. बाईंना आपल्या हुशारीचं कौतुक वाटलं. टेबलाजवळ एक खुर्ची होती. त्या दाराकडे तोंड करून तिच्यात बसल्या, मांडीवर लाकडी फूटपट्टी आडवी घेतली आणि ताठ टेकून चोरांची वाट बघू लागल्या.

दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. चोर खुर्च्या मांडत होते, ते कसे येतील? खालून अध्यक्षांचा आवाज आला तशा बाई उठल्या. उठताना पाठीशी काहीतरी 'चर्र' झाल्यासारखं वाटलं. पण कमरेचा पट्टा तसाही दिवसभर कुरकुरायचाच.

आता त्या खुर्चीबद्दल सांगायला हवं. खुर्चीच्या पाठीवर एका पुस्तकाचं नवंकोरं कापडी कव्हर पसरलेलं होतं. आतल्या बाजूला डिंक लावून झाला होता, ते पुस्तकावर चढवणार एवढ्यात मामांनी खुर्च्यांसाठी हाक मारली. टेबलावर जागा नव्हती म्हणून ते डिंकाची बाजू पुढे करून खुर्चीवर टाकलेलं. पंधरा मिनिटांत डिंक झकास धरला होता. बाई मेळाव्यासाठी दिवाणखान्यासारख्या सजवलेल्या वाचनकक्षात ताठ मानेने उतरल्या, तेव्हा त्यांच्या पदरावर, पाठीच्या बरोबर मध्यभागी, हिरव्या कापडावर सोनेरी अक्षरांत नाव झळकत होतं: 'उपद्रवी कीटक : ओळख आणि बंदोबस्त'.

मेळाव्यात बाई रांगारांगांतून नव्या पुस्तकांच्या याद्या वाटत फिरू लागल्या. त्यांच्या लक्षात आलं, की आज वाचक फारच प्रसन्न आहेत. त्या ज्या रांगेतून पुढे जात, ती रांग मागून खुलत होती. एरवी दंडाच्या भीतीने तोंड चुकवणारी माणसं चक्क हसत होती. चष्मा नाकावर सरकवून एक आजी मोठ्याने वाचू लागल्या, "उप-द्र-वी..." आणि शेजारणीने चिमटा काढल्यावर खोकू लागल्या. बाईंनी त्यांना पाणी द्यायला सांगितलं.

तेवढ्यात पिशवीवाले दोन्ही हातांत खुर्च्या घेऊन आत आले. बाईंची पाठ त्यांच्याकडे होती. ते जागच्या जागी थांबले. खुर्च्या खाली ठेवल्या. भिंतीवरच्या दांडीला लटकलेलं वर्तमानपत्र ओढून घेतलं, ते पूर्ण उघडलं आणि बाईंच्या मागे, हातभर अंतरावर, येऊन उभे राहिले.

बाई पुढे सरकल्या. पिशवीवाले पुढे सरकले. बाईंनी मान वळवून बघितलं तर वर्तमानपत्राच्या वर तो अर्धा मिटलेला डोळा. त्यांनी वेग वाढवला. मागच्या पावलांनीही वाढवला. त्या पाण्याच्या माठाकडे गेल्या, ती पावलंही माठाकडे. त्या खांबाला वळसा घालून उलट्या फिरल्या, तर वर्तमानपत्रही खांबाला वळसा घालून उलटं फिरलं. वाचक आता माना फिरवून फिरवून बघत होते. मेळावा इतका रंगल्याचं कोणाला आठवत नव्हतं.

"काय हवंय तुम्हाला?" बाईंनी दात आवळून विचारलं.

"बाई, जरा बाजूला येता का? एकट्या?" पिशवीवाले खालच्या आवाजात म्हणाले.

एकट्या. बाईंच्या डोळ्यांपुढे ती वीतभर सुरी लखलखली. त्या जवळजवळ धावतच व्यासपीठावर चढल्या आणि अध्यक्षांच्या खुर्चीचा हात धरला. पिशवीवालेही वर चढले आणि त्यांच्या पाठीशी, वर्तमानपत्र उघडं धरून, देवडीवरच्या पहारेकऱ्यासारखे उभे राहिले.

"हे कोण?" अध्यक्षांनी कुतूहलाने विचारलं.

"चोर," बाई म्हणाल्या. एकदा तोंडातून निघाल्यावर त्यांना थांबता येईना. "गेला महिनाभर हा माणूस वाचनालय धुऊन नेतोय. सगळा माल मागच्या खोलीत आहे. चला माझ्याबरोबर, आत्ताच्या आत्ता. आणि मामा, तुम्हीही चला. तुमच्याशी नंतर बोलते."

 इतका वेळ हसणारे चेहरे पिशवीवाल्यांकडे वळले. त्या आडव्या माणसाने हातातल्या वर्तमानपत्राची घडी घालायचा प्रयत्न केला, ती नीट जमेना.  मग त्याने एवढा मोठा देह कुठे ठेवावा हे न कळल्यासारखा जरा आत ओढून घेतला. बाईंनी ते पाहिलं, आणि त्या सबंध महिन्यात पहिल्यांदा त्यांच्या मनात बारीकसं काहीतरी टोचलं. पण वरात निघालेली होती.

मागच्या खोलीत अध्यक्षांनी मोबाइलचा दिवा लावला. दारात वीस-पंचवीस वाचकांनी गर्दी केली.

उतरंडींतली पुस्तकं फाटकी नव्हती. ओळीने नव्या पाठी, नवे कोपरे, घट्ट शिलाई. प्रत्येकाच्या पाठीवर नाव. टेबलावर बॅटरीचा दिवा, डिंकाचं भांडं, दोऱ्याचं रीळ, दाभण, मेणाचा गोळा, आणि ती वीतभर सुरी, जिच्याखाली पुठ्ठ्याची कापलेली किनार पडली होती. अध्यक्षांनी विटा बाजूला करून शब्दकोश उघडला. तो 'म'ला सहज, पाठीतून कुरकुर न करता, सपाट उघडला. काठ झिजलेल्या पानांना पातळ कागदाच्या पट्ट्या जोडून त्यांना शिवण्याजोगी जागा केली होती. अशी पानं शंभरावर असतील.

"सतरा पुस्तकं झाली," पिशवीवाले म्हणाले. "चाळीसेक राहिलीत. मी छापखान्यात बांधणीला होतो, बेचाळीस वर्षं. छापखाना बंद झाला." त्यांनी आपल्या काळ्या नखांकडे बघितलं. "नातीने इथून गोष्टींचं पुस्तक नेलं होतं. शेवटची आठ पानं नव्हती. मी मनाने शेवट सांगितला तर म्हणाली, आजोबा, राक्षस इतका चांगला नसतो. म्हणून आठ पानं शोधायला आलो. ती सापडली बागकामाच्या पुस्तकाच्या पोटात. मग म्हटलं, एवढं आलोय तर बाकीचंही बघावं."

"पण हे परस्पर?" अध्यक्षांनी विचारलं.

"परस्पर कसं? मी विचारलं होतं. मामा म्हणाले, बाईंची परवानगी आहे, पण बाईंना कोणी आभार मानलेले आवडत नाहीत, तेव्हा त्यांच्याशी बोलू नका. म्हणून मी नुसती मान लववायचो." ते बाईंकडे वळले. "शब्दकोश तर तुम्ही स्वतः उचलून माझ्या टेबलावर आणून ठेवलात. एवढा जड. त्या दिवशी मी घरी जाऊन सांगितलं, की या वाचनालयाच्या बाई फार मोठ्या मनाच्या आहेत."

मामा पुन्हा छताकडे बघत होते.

बाईंनी तोंड उघडलं. खरं सांगून टाकायचं असं त्यांनी ठरवलं होतं. पण समोरच्याने तोंड उघडल्याबरोबर अध्यक्ष बोलू लागले. "म्हणजे चोर वगैरे म्हणून आम्हा सगळ्यांना इथे आणायचा हा बाईंचा बेत होता तर! नाहीतर या अंधारकोठडीत कोण आलं असतं? वा बाई, वा." आणि टाळ्या वाजल्या. दारातल्या पंचवीस जणांनी वाजवल्या, जिन्यावर उभ्या असलेल्यांनी काय झालं ते न कळताही वाजवल्या. बाई हात जोडून उभ्या राहिल्या. आयुष्यात त्यांना एवढं अवघडल्यासारखं कधी झालं नव्हतं.

"हे एक मात्र उघडंच राहिलंय," अध्यक्ष टेबलावरचं पातळसं पुस्तक उचलून म्हणाले. "याचं कव्हर?"

पिशवीवाल्यांनी घसा साफ केला.

"ते बाईंकडे आहे," ते म्हणाले.

"माझ्याकडे?" बाई म्हणाल्या.

 मामा हळूच मागे गेले आणि अलगद, बँडेज सोडवावं तसं, ते कव्हर पदरापासून सोडवून बाईंच्या हातात दिलं. बाईंनी वाचलं. मग याद्या वाटताना मिळालेलं ते प्रेम त्यांना आठवलं. ती खोकणारी आजी आठवली. आणि सगळ्यात शेवटी, खांबाला वळसा घालून आपल्यामागे धावणारं ते उघडं वर्तमानपत्र आठवलं, आणि कोणाला दिसू नये म्हणून ते धरून उभा असलेला माणूस.

त्या कव्हर हातात घेऊन बसल्या. त्याच खुर्चीत, पण या वेळी न टेकता.

प्रकरण इथे संपलं असतं. पण खूश झालेला अध्यक्ष फार धोकादायक असतो. जाता जाता त्यांनी कपाटातून टपालाची फाइल काढली. "ही बघा, आमची बारा वर्षांची पत्रं. पार खिळखिळी झालीत. यांचाही एक छान ग्रंथ बांधून द्या."

बाईंच्या पायाखालची फरशी हलली. त्या फाइलमध्ये वरून चौथं पत्र त्यांचं होतं.

"मी आधी तारखा लावून देते," त्या पुढे झाल्या.

"मी लावतो की," पिशवीवाले म्हणाले, आणि फाइल ताडपत्रीच्या पिशवीत गेली.

पुढचे चार दिवस वाचकांना बाई ओळखू आल्या नाहीत. उशिरा आलेल्या पुस्तकांचा दंड माफ झाला. वाचलेलं पुस्तक वाचलेलंच नाही म्हणणाऱ्या आजोबांना त्यांनी सही न दाखवता "पुन्हा न्या, चांगलं आहे" असं सांगितलं. आजोबा घाबरून निघून गेले.

मामांनी काउंटरवर चहा आणून ठेवला. "बाई, खरं सांगितलं असतं तर तुम्ही नियम दाखवला असता."

"दाखवला असताच."

"म्हणून नाही सांगितलं."

 बाईंनी चहा प्यायला.

घरी मिस्टरांनी सगळं ऐकून घेतलं. "मग आता काय करणार?"

"त्यांच्या घरी जाऊन माफी मागावी म्हणते. पण त्यांनी अजून वाचलं नसलं तर?"

"तर माफी मागितल्यावर वाचतील," मिस्टर म्हणाले. हा माणूस कधीच काही उपयोगाचं बोलत नाही, असं बाईंना वाटलं, आणि लगेच, हे आपण त्यांना नीट न बघताच तर ठरवलेलं नाही ना, असंही वाटलं. चार दिवसांत त्यांची ही अशी अवस्था झाली होती.

बुधवारी सकाळी पिशवीवाले आले. आज ते थेट काउंटरपाशी आले आणि त्यांनी लाल कापडात बांधलेला एक देखणा ग्रंथ बाईंसमोर ठेवला. बाईंनी शेवटची पानं उघडली. पावसाने गळणाऱ्या छताचं पत्र होतं. खिडकीच्या काचेचं होतं. मधे त्यांचं पत्र असायला हवं होतं, तिथे एकदम मेळाव्याचं निमंत्रण होतं.

पिशवीवाल्यांनी सदऱ्याच्या खिशातून घडी केलेले तीन कागद काढले.

"एवढी तीन पानं बाहेर राहिली," ते काउंटरवर ठेवत म्हणाले. "शिवता येईनात. अगदी काठापर्यंत लिहिलंय, शिलाईपुरतीसुद्धा जागा नाही. टाका घातला असता तर अक्षरं गेली असती."

बाईंनी कागदांकडे बघितलं. शब्दकोशाच्या शंभर पानांना पट्ट्या जोडून जागा करणाऱ्या माणसाला या तीन पानांपुरती पट्टी मिळाली नव्हती.

"तुम्ही वाचलंत," त्या म्हणाल्या.

"मी बांधणीवाला, बाई. पानांचे आकडे तेवढे बघतो."

"खरं सांगा."

पिशवीवाल्यांनी दाढी खाजवली. "आकडे शोधताना थोडं वाचलं गेलं."

बाई खुर्चीतून उठून उभ्या राहिल्या. "चुकलं माझं," त्या म्हणाल्या. अगदी स्पष्ट, चारचौघांना ऐकू जाईल अशा आवाजात. स्टुलावर चढून पुस्तकं झटकणारे मामा स्टुलावरून पडता पडता राहिले.

"राहू द्या हो," पिशवीवाले म्हणाले. "चेहरा आहेच असा. माझी सासू लग्नानंतर दोन वर्षं माझ्याशी दाराला कडी लावून, आतून बोलायची." ते हसले, आणि हसताना तो अर्धा मिटलेला डोळा पूर्ण मिटला. बाईंना तो डोळा त्या क्षणापर्यंत कधी हसलेला दिसलाच नव्हता. "बाकी पत्र झकास लिहिलंय. वाचताना माझीच मला भीती वाटली."

बाईंना हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं, आणि दोन्ही लपवायला त्यांनी उगाचच शिक्क्याची शाई तपासली. मग म्हणाल्या, "उरलेल्या चाळीस पुस्तकांना मी मदत करीन. दोरा धरायला वगैरे. बाकी काही येत नाही मला."

"या की. पण खुर्ची बघून बसा." पिशवीवाल्यांनी पिशवी खांद्याला लावली, दोन पावलं गेले आणि परत आले. "एक सांगू का? राग मानू नका."

"सांगा."

"त्या पत्रात 'क्रूर' हा शब्द चार वेळा आलाय. चारही वेळा तुम्ही पहिला उकार काढलाय. तो दुसरा असतो."

ते मागच्या खोलीकडे निघून गेले.  बाईंनी इकडेतिकडे बघितलं, मुकाट्याने लाल पेन घेतलं, चारही ठिकाणी दुसरा उकार काढला, आणि मगच ती तीन पानं फाडली.